डेन्मार्कहून येणारा नकार

जगात कुठेही, कोणीही आपला मोबाइल उघडला, की त्याच्या पोटात कोणाला किती जागा द्यायची, कोणाची काढून घ्यायची आणि कोणाला जरा थांब म्हणायचं, याची काळजी नागपुरात, प्रतापनगरात बसून एक माणूस करतो, आणि तो माझ्या बायकोचा मामेभाऊ आहे. हे मी कोणाला सांगितलं की लोक हसतात. लकडगंजात माझी सागवानाची वखार आहे, आणि लाकूडवाला कॉम्प्युटरवर बोलायला लागला की लोक हसणारच. मलाही पहिली काही वर्षं हे पटलं नव्हतं. घरात एक पन्नाशीचा माणूस बनियनवर बसलेला असतो, समोर काळ्या पडद्यावर बारीक अक्षरं असतात, बाजूला गार झालेला चहा असतो, आणि म्हणे याच्या हातून जपानातल्या बाईचा फोन चालतो! मी बायकोला म्हणायचो, तुझ्या भावाला आधी त्याच्या स्वयंपाकघरातला नळ चालू करायला सांग. पण एकदा त्याने मला चहावर बसवून सगळं समजावलं आणि तेव्हापासून मी त्याच्या बाजूने लोकांशी भांडत आलो आहे.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमच्या वखारीत गिऱ्हाईक येते, तीन फुटाची फळी मागते. तुम्ही कापून देता, तुकडा उरते. दुसरा येते, दोन फूट मागते. पुन्हा तुकडा. संध्याकाळी लाकूड तं ढीगभर दिसते, पण कोणी सलग दहा फूट मागितलं तं तुमच्याजवळ नाई. आता समजा, हे सगळे गिऱ्हाईक लाकूड वापरून झालं का परत आणून देतात..."

"कोणी देत नाही," मी म्हणालो.

"समजा नं, भाऊजी. परत आणून देतात, अन तुम्ही ते तुकडे पुन्हा जोडून सलग फळी करता. दिवसभर हेच. देणं, घेणं, जोडणं. हेच माझं काम."

कॉम्प्युटर चालवणारा जो अगदी आतला गाभा असतो, ज्याला हे लोक कर्नल म्हणतात, त्यात जागा वाटणारा हा भाग फार वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिला. मग त्यावर दुसऱ्याने ठिगळ लावलं, तिसऱ्याने त्या ठिगळावर ठिगळ लावलं, आणि आता तो भाग चालतो खरा, पण का चालतो हे कोणालाच नीट सांगता येत नाही. आमच्या मेहुण्याने तो भाग सुरुवातीपासून नीट लिहून काढायचं मनावर घेतलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा पगारही नव्हता. पोटापुरतं तो बंगळूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो, पण ते तो सकाळची दाढी उरकावी तसं उरकून टाकतो. त्याचा जीव या दुसऱ्या कामात. आणि या कामाची मोठी अट अशी, की आतलं सगळं बदलायचं पण बाहेर तसूभरही फरक दिसता कामा नये. मी एकदा विचारलं, "मग केल्याचं लोकांना कळणार कसं?" तर तो म्हणाला, "कळलं तं समजायचं का बिघडलं." असा धंदा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

एवढ्या वर्षांत हे काम त्याच्या हाडीमांसी असं काही मुरलं, की साधं माणसासारखं वागणं त्याला जमेनासं झालं. कोणतीही गोष्ट तो एका दमात करत नाही. कामात मोठा बदल एकदम पाठवायचा नसतो म्हणे. त्याचे लहान लहान भाग करायचे, प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे, आणि त्यासोबत तो का केला हे लिहायचं. त्यामुळे बायकोने मोबाइलवर "बाबू, रविवारी जेवायला येतोस का?" असं विचारलं, की याचे निरोप एकामागून एक यायला लागतात. पहिल्यात सध्याची परिस्थिती: रविवारी मी घरीच आहे. दुसऱ्यात अडचण: सकाळचा भात उरेल. तिसऱ्यात उपाय: भात शनिवारी लावणार नाही. चौथ्यात: येतो. आणि आमच्या हिने उत्साहाने "वडाभात करते" असं कळवलं, की त्या सगळ्या निरोपांची सुधारलेली आवृत्ती पुन्हा पहिल्यापासून येते, कारण भाताची बाब आता बदललेली असते. बायको म्हणते, याला बोलावण्यापेक्षा डबा नेऊन देणं सोपं.

पण डब्याची वेगळीच कथा आहे. आपल्याकडे शेजारणीने भाजीची वाटी दिली, तर ती रिकामी परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. आमच्या मेहुण्याला हे अजिबात मंजूर नाही. घेतलेली गोष्ट काम संपल्याबरोबर, पुसून, कोरडी करून, जशी होती तशी मोकळी परत करायची, हा त्याचा धर्म. समोरच्या बाईंनी एकदा त्याला पाटवड्यांचा डबा दिला. त्या जिना उतरून फाटकापर्यंत पोचतात न पोचतात, तोच हा मागून धावत गेला आणि चकचकीत धुतलेला, रिकामा डबा त्यांच्या हातात ठेवला. पाटवड्या कुठे गेल्या, असं त्या बाईंनी घाबरून विचारलं. "माझ्या ताटात काढल्या," हा म्हणाला. बाईंना वाटलं पदार्थ आवडला नाही, आणि त्या महिनाभर बोलल्या नाहीत. बायकोने समजावलं, "बाबू, रिकामा डबा देत नसतात रे." तर हा म्हणतो, "ताई, मी भरून दिला तं त्याइले तो रिकामा करावा लागीन. त्या पुन्हा भरून देतीन. हे संपीन कधी?" आता हे संपू नये म्हणूनच तर लोक करतात, हे त्याला कोण सांगणार?

माझ्या मुलीच्या लग्नात त्याने केलेला पराक्रम मात्र अजून आमच्या खानदानात सांगितला जातो. हौसेने आम्ही एक वेळची पंगत ठेवली होती, आणि घरातल्या प्रत्येकाला काही काम द्यायचं म्हणून पानावर माणसं बसवायचं काम मी याच्याकडे दिलं. हे म्हणजे मांजराला दुधाची राखण देण्यासारखं होतं हे मला नंतर कळलं. सुरुवातीला त्याने झकास बसवलं. मग इथून एक उठला, तिथून दोघी उठल्या, मधे मधे जागा रिकाम्या झाल्या. तेवढ्यात उमरेडचं माझं चुलत घराणं आलं, लेकरंबाळं धरून चांगलं लांबलचक, आणि त्यांना एकत्र बसायचं होतं. जागा होत्या, पण सलग नव्हत्या. आमच्या मेहुण्याचे डोळे चमकले. त्याने जेवत्या माणसांना पानासकट सरकवायला सुरुवात केली. "काका, एक पाट डावीकडे. मावशी, तुम्ही तीन पाट पुढे. ताट मी धरतो." माझे थोरले चुलते, ज्यांच्यापुढे मी आजही सिगारेट लपवतो, श्रीखंडाचा घास हातात धरून उभे राहिले आणि गरजले, "काहून उठवून राहिला गा मले? जेवू देशीन का नाई?"

"बस, एक मिनिट," हा त्यांच्या ताटातली कढी न सांडता म्हणाला. "तुमचं जेवण जसंच्या तसं राहीन. फक्त पत्ता बदलीन."

उमरेडकर एकत्र बसले, आणि बाकीची पंगत माझ्यावर वर्षभर रुसली. संध्याकाळी मी त्याच्यावर ओरडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "भाऊजी, कोणाचं काही सांडलं का?" खरंच, कोणाचं काही सांडलं नव्हतं.

उन्हाळ्यात त्याच्या घरी गेलात तर हसावं की रडावं हे कळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. घरातला एकुलता एक कूलर याने कॉम्प्युटरकडे तोंड करून लावलेला असतो, आणि हा स्वतः डोक्यावर ओला पंचा टाकून बाजूला बसतो. मी म्हटलं, कूलर जरा तिरपा कर, दोघांना वारा लागेल. तो म्हणाला, "त्याचं तपमान मले पडद्यावर दिसते. माझं दिसत नाई. मी सहन करतो." दरवर्षी एप्रिल लागला की कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला मीच जातो, कारण ते काम त्याच्यावर सोडलं तर तो त्याचेही भाग पाडेल आणि पावसाळ्यात पुरं करेल.

हसण्यासारखं खूप आहे, पण एक गोष्ट सांगतो. बंगळूरची चांगली नोकरी सोडून हा नागपूरला परत आला तो वडिलांसाठी. माझ्या मामेसासऱ्यांची नजर काचबिंदूने पूर्ण गेली होती. मामी आधीच गेलेल्या. घरही जुनं झालं होतं: वायरिंग उघडं पडलेलं, फरशा उचकटलेल्या, मोरीचा नळ गळका, पलंगाची एक बाजू खचलेली. दुसरा कोणी असता तर म्हाताऱ्याला महिनाभर बहिणीकडे ठेवून घर उघडून टाकलं असतं. पण मामांना घराचा कोपरा न् कोपरा हाताने माहीत होता. पलंगावरून उठलं की किती पावलांवर चौकट, चौकटीपासून हात कुठे गेला की बटण, सगळं ठरलेलं. ते मोडलं असतं तर त्यांचं उरलेलं जगही गेलं असतं. मग याने काय केलं, तर ते अख्खं घर थोडं थोडं करून आतून नवं केलं. आज एक फरशी, परवा एक बटण. पलंग नवा आणला, पण सुताराला माझ्या वखारीत बसवून जुन्या पलंगाच्या उंचीचाच करून घेतला, आणि मामा अंगणात उन्हाला बसले असताना बदलला. तो पलंग करताना मी सुताराशी घासाघीस करत होतो आणि हा टेप घेऊन पुन्हा पुन्हा उंची मोजत होता. पुढे मामा माझ्याजवळ म्हणाले होते, "जावईबापू, घर लय जुनं झालं, पण या पोराने काही बदललं नाई, हे बरं केलं. मले सगळं हाताशी सापडते." हा मागेच उभा होता. मी तोंड उघडणार, तर याने मला हाताने गप्प केलं. मामा गेले तोवर घरात जुनं असं काही उरलं नव्हतं, आणि त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी मला या माणसाबद्दल जे वाटलं ते मी त्याला कधी बोलून दाखवलेलं नाही.

मामा गेल्यावर मात्र तो एकटा पडला. लग्न त्याने केलंच नव्हतं. आधी नोकरी होती, मग वडील होते, मग वय राहिलं नाही. आता त्या घरात बोलायला कोणी नाही. एक सोडून: डेन्मार्कवाला.

हे जगभरचे लोक सगळं काम पत्रांनी, म्हणजे ईमेलने करतात. आपण केलेला बदल पाठवायचा, आणि त्या भागाची देखरेख ज्याच्याकडे असेल तो वाचून हो की नाही ते कळवतो. देखरेख करणाऱ्याचं नाव आणि पत्ता त्या कामातच सर्वांना दिसेल असा लिहिलेला असतो. जागावाटपाची देखरेख डेन्मार्कमधल्या एका गृहस्थाकडे होती. तो किती वयाचा, उंच की बुटका, बायकोमुलं आहेत की नाहीत, मेहुण्याला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक एवढंच, की तो सकाळी उठल्यावर पहिल्यांदा पत्रं वाचतो, आणि त्याची सकाळ म्हणजे आपली दुपार, एकच्या सुमारास. साडेबारा झाले की आमचा मेहुणा हातपाय धुऊन, धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून बसायचा. माझ्या मुलीच्या लग्नात हा माणूस केस न विंचरता आला होता.

आणि एक वाजता काय यायचं? तर नकार. वर्षानुवर्षं हा आवृत्तीमागून आवृत्ती पाठवायचा आणि डेन्मार्कवाला नाही म्हणायचा. आमच्या हिला ते सहन होईना. तिने टेकडीच्या गणपतीला नारळ कबूल केला, की त्या डेन्मार्कच्या माणसाला बुद्धी दे. मग न राहवून तिने एकदा विचारलंच, "काय रे बाबू, तो तुले नेहमी नाईच म्हणते का?"

"हो. पण कसं म्हणते ते पाह्य नं, ताई," तो अभिमानाने पडदा तिच्याकडे वळवत म्हणाला. "तीन परिच्छेद लिहून म्हणते. माझी ओळ न् ओळ वाचून म्हणते. आपल्या इथे कोणी तीन परिच्छेद लिहून नाई म्हणते का?"

आमच्या इथे कोणी एवढं लिहून होही म्हणत नाही, हे मला कबूल करावं लागलं. शिवाय त्या परिच्छेदांच्या शेवटी एखादी इकडची तिकडची ओळ असायची. आज इथे बर्फ पडला, रस्त्यावर मीठ टाकलं आहे. एकदा याने नागपुरात सेहेचाळीस डिग्री आहे असं लिहिलं, तर त्याने उलट विचारलं की आकडा लिहिताना चूक झाली का. याने त्याला आपल्या कूलरची रचना, ताट्यांसकट, सविस्तर लिहून कळवली. डेन्मार्कवाल्याने त्यातही दोन सुधारणा सुचवल्या.

गेल्या एप्रिलमध्ये मी ताट्या बदलायला गेलो होतो. हात पुसत त्याच्या मागे उभा राहिलो. मला त्यातलं काडीचं कळत नाही, पण दोन सारख्या फळ्या एकाखाली एक ठेवल्या तर कोणत्याही लाकूडवाल्याच्या नजरेला येतातच. "अरे, ही ओळ तू दोनदा लिहिली आहेस," मी म्हणालो. तो दचकला. त्याने घाईघाईने पडद्यावर दुसरंच काही आणलं आणि कानापर्यंत लाल झाला. पन्नाशीचा माणूस असा लाजताना मी पहिल्यांदाच पाहिला.

"नुकसान नाई तिचं काही," तो म्हणाला. "एकच गोष्ट दोनदा विचारते. उत्तर तेच येते."

"मग काढून टाक."

"ती त्याच्यासाठी आहे, भाऊजी." मग बराच वेळ तो कीबोर्डवरची धूळ पुसत राहिला. "काम मागच्या वर्षीच झालं. आता एवढंच उरलं आहे. दर वेळेस मी ही ओळ कुठं तरी ठेवून देतो. तो बरोबर पकडते, अन लिहिते, हे दोनदा काहून विचारलं? मग तिथून गोष्ट निघते."

"अरे, पण ती काढलीस तर तो हो म्हणेल. एवढ्या वर्षांचं काम पास होईल तुझं!"

"होईन नं. मग दुसऱ्या दिवशी एक वाजता तो काय लिहीन? अन मी काय लिहू?"

मी तिथे खूप हसलो. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, आणि मग मलाही हसू आलं नाही.

त्यानंतर सप्टेंबरपासून डेन्मार्कहून पत्र येणं बंद झालं. आधी याला वाटलं सुटीवर असेल. गणपती गेले. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे आमच्याकडचे रस्ते गाड्यांना बंद होते, म्हणून मी चालतच त्याच्याकडे गेलो, तर हा धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून बसलेला आणि तीन वाजून गेलेले. जेवला नव्हता. मग एके दिवशी त्याने पाठवलेलं पत्र परत आलं: हा पत्ता अस्तित्वात नाही. त्याने जगभर सगळ्यांना विचारलं. एकाने कळवलं, नोकरी सोडली असावी. दुसऱ्याने, आजारी असल्याचं उडत उडत ऐकलं होतं. तिसऱ्याने लिहिलं की तो माणूस स्वीडनचा आहे अशीच माझी समजूत होती. इतकी वर्षं एका कामावर एकत्र राबलेली माणसं, आणि त्यातल्या एकालाही तो कुठल्या गावात राहतो हे माहीत नव्हतं. मेहुण्यालाही नव्हतं. "मी कधी विचारलंच नाई," तो म्हणाला. "बर्फ पडला तं मी विचारायचो किती पडला. कुठं पडला हे राहूनच गेलं."

आणि अशातच या सगळ्यांच्या वर जो माणूस आहे त्याचं पत्र आलं. चारच ओळींचं. तुमचं काम चांगलं आहे. एक ओळ दोनदा आली आहे ती काढा. देखरेख करणाऱ्याचा पत्ता बंद पडला आहे, तेव्हा त्यांचं नाव वगळून तिथे तुमचं नाव घाला. एवढं केलंत की आम्ही घेतो, आणि वेळेत झालं नाही तर दुसऱ्यांनी पाठवलेलं काम घ्यावं लागेल. आमच्या घरी आनंदीआनंद झाला. हिने पुरणपोळ्या केल्या, टेकडीला जाऊन नारळ फोडून आली. याने मात्र अर्धी पोळी चिवडली आणि हात धुतले. दिवस जात राहिले आणि तो काहीच पाठवीना. शेवटी एकदा आमच्याकडे जेवताना मी चिडलो. ज्यात एवढी वर्षं घालवली ते काम असं हातचं जाऊ द्यायचं म्हणजे काय!

"अरे, लोकांची पत्रं परत जात आहेत. कोणीतरी बघायला पाहिजे की नको?"

"पाहिजे. दुसरा कोणी असता तं मीच सांगितलं असतं, काढ म्हणून."

"मग?"

"समजा तो बरा झाला, भाऊजी. सकाळी उठला, पत्रं उघडली, अन पाहिलं का त्याच्या जागेवर माझं नाव. अन काढणारा बी मीच."

यावर बोलली ती माझी बायको. ताटं उचलता उचलता ती म्हणाली, "मामा गेले तेव्हा त्याइचा पलंग तू वर्षभर हलवला नाई. मग हलवला नं? हलवला म्हणून मामा काही कमी झाले का तुले?" तो उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला दुपारी बोलावलं. शर्ट घातलेला, केस विंचरलेले. दोनदा लिहिलेली ओळ त्याने काढली होती. नाव काढण्याचा भाग त्याने सगळ्यात शेवटी, वेगळा ठेवला होता. अशा भागासोबत एक ओळ लिहिली तरी चालते म्हणे. याने पानभर लिहिलं होतं, की हा माणूस कोण, त्याने काय काय वाचलं, कशाकशाला नाही म्हटलं आणि ते नाही म्हणणं किती बरोबर होतं. सगळं तयार होतं, पण शेवटची कळ त्याच्याने दाबवेना. "तुम्ही दाबा, भाऊजी," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी माझ्या जाड बोटाने ती कळ दाबली. काही आवाज झाला नाही, काही उजळलं नाही. आठवड्याभरात काम पास झालं. पुढे ते जगभर गेलं, माझ्याही मोबाइलमध्ये आलं असं त्याने सांगितलं. हिने आपला फोन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "काही फरक वाटून नाई राहिला, बाबू."

"वाटला नाई पाहिजे, ताई," तो म्हणाला.

आता त्या जागी त्याचं नाव आहे. पत्रंही येतात म्हणे, पण सगळी घाईतली: बरोबर आहे, घ्या, पुढे चला. भांडायला कोणाला वेळ नाही. एके दिवशी एकच्या सुमाराला मी वखारीत डबा उघडून बसलो होतो, आरा मशीन बंद होतं, आणि दारात हा उभा. प्रतापनगरातून लकडगंजात, भर उन्हात. मला वाटलं काही वाईट घडलं. "काही नाई," तो फळ्यांच्या थप्पीवर बसत म्हणाला. "हा वेळ जात नाई." मी माझ्या डब्यातली पोळी त्याच्यापुढे केली. जेवताना तो इकडे तिकडे पाहत होता. मग म्हणाला, की मी लांब फळ्या मागे आणि तुकडे पुढे ठेवतो ते चुकतं आहे, आणि का चुकतं ते त्याने सांगितलं. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. चाळीस वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात माझं त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं.

"नाही," मी म्हणालो. "मला नाही पटत."

तो थप्पीवर सरसावून बसला. तासभर त्याने मला समजावलं.

तेव्हापासून तो बहुतेक दुपारी येतो. केस विंचरून येतो. मी त्याला नाही म्हणतो: फळ्यांवरून, नंतर दरवाजाच्या जागेवरून, सावलीवरून, जे सुचेल त्यावरून. माझ्या नकारात त्या डेन्मार्कवाल्याचं वजन नाही, हे मला कळतं आणि त्यालाही कळतं. बोलता बोलता मधेच तो खिशातून मोबाइल काढतो, एकदा पाहतो आणि पालथा ठेवतो. "हं, बोला भाऊजी," तो म्हणतो, "काहून पटलं नाई तुमाले?" मी लाकडाचा माणूस, रोज रोज कारणं कुठून आणू? कधी कधी काहीच सुचत नाही. मग मी नुसतंच नाही म्हणतो, आणि तो तेवढ्यावरही बसून राहतो.